ताप ९९ वर आला, तरी कुत्री उठत नाही: गर्भाशयातील पू आणि अँटिबायोटिकची मर्यादा

जुळे सोलापुरातील एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे आठ वर्षांची, साधारण २८ किलो वजनाची लॅब्रॅडॉर कुत्री आहे. तिचे नाव ब्राउनी. तिची नसबंदी झालेली नाही आणि तिचा माज संपून सुमारे दीड महिना झाला आहे. चार दिवसांपासून ती मलूल आहे, खात नाही, मात्र पाणी सारखे पिते आणि घरातच लघवी करते. दोनदा उलटी झाली आणि ताप १०४ पर्यंत गेला होता. ऊन लागले असेल असे समजून त्यांनी मेडिकलमधून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची ६२५ ची गोळी आणली आणि अर्धी-अर्धी दिवसातून दोनदा, अशी तीन दिवस दिली. आज सकाळी ताप ९९ भरल्यामुळे घरच्यांना हायसे वाटले. पण ती जागची उठत नाही आणि शेपटीखाली तपकिरी, चिकट, दुर्गंधीयुक्त स्राव दिसतो आहे. शेजाऱ्यांच्या मते हा गोचीड ताप आहे, तर पुण्याच्या भावाचे म्हणणे असे की ‘जालीम’ इंजेक्शन सुरू करावे. त्यांचे प्रश्न चार आहेत: यापेक्षा प्रभावी अँटिबायोटिक कोणते, सोमवारपर्यंत थांबता येईल का, या वयात ऑपरेशन झेपेल का, आणि घरातील दोन लहान मुलांना किंवा दुसऱ्या कुत्र्याला याची लागण होईल का.

निर्णय आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. सोमवारपर्यंत थांबू नका. माझे उत्तर वाचून पुरे होण्याचीही वाट न पाहता तिला आजच अशा दवाखान्यात न्या, जिथे सलाईन लावता येते, रक्ताची तपासणी होते, सोनोग्राफी किंवा निदान एक्स-रे काढता येतो आणि गरज पडल्यास त्याच दिवशी पोटाची शस्त्रक्रिया करता येते. निघण्यापूर्वी फोन करून एवढेच सांगा: ‘आठ वर्षांची, नसबंदी न झालेली कुत्री, दीड महिन्यापूर्वी माज, पायोमेट्राची शंका, अंगाचे तापमान उतरले आहे.’ पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात पू साठणे; पशुवैद्यक या एका वाक्यावरून तयारीला लागतील. मी ब्राउनीला पाहिलेले नाही, त्यामुळे माझे म्हणणे हा अंदाज आहे, निदान नव्हे. तरी आपण दिलेली माहिती इतकी एका दिशेला बोट दाखवणारी आहे की मी समोर असतो तरी पहिला हात तिच्या पोटावर ठेवला असता.

घरच्यांना ज्या गोष्टीने हायसे वाटले, तिचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कुत्र्याच्या अंगाचे सर्वसाधारण तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या हिशेबाने ९९ म्हणजे ताप उतरला. कुत्र्याच्या हिशेबाने ९९ म्हणजे अंग गार पडू लागले. ज्या जनावराला कालपर्यंत १०४ ताप होता, ते आज ९९ वर येऊन उभे राहते, खाते, शेपटी हलवते, तर गोष्ट वेगळी. पण तापमान खाली आले आणि जनावर आणखी निपचित झाले, तर त्याचा अर्थ बहुधा असा असतो की जंतुसंसर्ग रक्तात पसरला आहे, रक्तदाब घसरतो आहे आणि शरीराला स्वतःची ऊब टिकवणेही जमेनासे झाले आहे. याला आम्ही सेप्सिस म्हणतो. मोजमापात एक चूक होऊ शकते हेही सांगायला हवे: थर्मामीटर काखेत लावला असेल किंवा गुदद्वारात नीट आत न जाता विष्ठेत रुतला असेल, तर आकडा खोटा कमी येतो. त्यामुळे टोकाला थोडे खोबरेल तेल लावून, आतल्या भिंतीला टेकवून पुन्हा एकदा मोजा, परंतु या मोजमापासाठी निघायला उशीर करू नका.

गाडी येईपर्यंतच्या दोन मिनिटांत आणखी एक गोष्ट पाहता येईल. तिचा वरचा ओठ उचला आणि सुळ्याच्या वरच्या हिरडीचा रंग पाहा. लॅब्रॅडॉरच्या हिरडीवर काळे डाग असतात, ते सोडून गुलाबी भाग शोधावा लागतो. तिथे बोट दाबून सोडले की जागा क्षणभर पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. सेप्सिसच्या सुरुवातीला हिरड्या विटेसारख्या लाल दिसतात आणि रंग झटकन परततो, म्हणून अनेकांना ‘रक्त चांगले आहे’ असे वाटते. पुढच्या टप्प्यात त्या फिक्या किंवा राखाडी पडतात, बोटाला चिकट लागतात आणि रंग परतायला वेळ लागतो. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला नाडी हाताला लागते. निवांत पडलेल्या मोठ्या कुत्रीची नाडी मिनिटाला १२० च्या वर जात असेल आणि धडधड जाणवण्याऐवजी बारीक दोरा हलल्यासारखी वाटत असेल, तर रात्र काढण्याचा विचार सोडून द्या.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपण विचारले आहे की याहून प्रभावी अँटिबायोटिक कोणते. माझ्या मते अडचण औषधाच्या ताकदीची नाहीच. पू कुठे साठला आहे, तो बाहेर कसा काढायचा आणि त्यातील विष रक्तात किती उतरले आहे, हे तीन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. औषधाच्या नावाचा प्रश्न त्यानंतर येतो. ब्राउनीच्या बाबतीत वय, नसबंदी न होणे, माजानंतरचा काळ, अतोनात तहान, उलटी आणि दुर्गंधीयुक्त स्राव या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या की साठा गर्भाशयात असण्याची शक्यता सर्वांत जास्त ठरते. यालाच पायोमेट्रा म्हणतात.

कुत्रीमध्ये हा आजार इतका सर्रास का होतो, हे समजले की पुढचे निर्णय सोपे होतात. माज संपल्यावर कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण सुमारे दोन महिने वाढलेले राहते, मग ती गाभण असो वा नसो. या संप्रेरकामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्यातील ग्रंथी स्राव सोडतात, गर्भाशयाचे आकुंचन मंदावते आणि तिथली प्रतिकारशक्तीही दबते. पिल्लासाठी केलेली ही तयारी दर माजाला, रिकामी असतानाही होत राहते, आणि वर्षानुवर्षे असे झाल्याने अस्तरात पाण्याच्या गाठी तयार होतात. माजाच्या दिवसांत गर्भाशयाचे तोंड उघडे असते, तेव्हा तिच्याच आतड्यातील आणि योनिमार्गातील जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, वर चढतात आणि त्या जाड, ओलसर, उबदार जागेत मुक्काम करतात. पुढच्या काही आठवड्यांत पू भरत जातो. म्हणूनच माजानंतर दोन आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंतच्या कोणत्याही आजारपणात मी मालकांना पहिला प्रश्न माजाच्या तारखेचा विचारतो, आणि बहुतेकांनी ती लिहून ठेवलेली नसते. स्वीडनमध्ये पूर्वीपासून कुत्र्यांची सरसकट नसबंदी होत नसे आणि विम्याच्या नोंदी मात्र चोख असत. त्या नोंदींवरून असे दिसले की दहा वर्षांच्या वयापर्यंत नसबंदी न झालेल्या कुत्र्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला हा आजार गाठतो. काही जातींत प्रमाण याहून जास्त, काहींत बरेच कमी असते.

गर्भाशयाचे तोंड उघडे राहिले तर पू बाहेर येतो आणि मालकाला काहीतरी बिघडल्याचे कळते. तोंड बंद असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, पोट मात्र भरत जाते, आणि अशी कुत्री अधिक लवकर ढासळते. ब्राउनीला स्राव दिसतो आहे ही त्यातल्या त्यात बरी बाब. पण स्राव अचानक थांबला तर तो आजार थांबला असे समजू नका, तोंड मिटले असेही असू शकते.

सतत पाणी पिण्याचा मुद्दा सोलापूरकरांसाठी थोडा विस्ताराने लिहितो. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि कुत्रे जास्त पाणी पिते तेव्हा कुणालाही त्यात वावगे वाटत नाही. परंतु ऊन लागलेले कुत्रे काही तासांत आजारी पडते. उन्हात फिरल्याचा, गच्चीवर बांधल्याचा किंवा बंद गाडीत राहिल्याचा इतिहास असतो, धाप प्रचंड असते आणि तापमान १०५-१०६ च्या वर जाते. चार दिवस हळूहळू मलूल होत जाणे हे उष्माघाताचे चित्र नव्हे. पायोमेट्रातील तहानेचे कारण निराळेच आहे. ई. कोलायच्या भिंतीतून सुटणारे विष मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांवर असा परिणाम करते की मेंदूकडून येणारी ‘पाणी राखून ठेव’ ही सूचना त्या मानेनाशा होतात. लघवी पातळ आणि भरपूर होते, आणि ती भरून काढायला कुत्री पाणी पिते. म्हणजे आधी लघवी वाढते आणि मग तहान, उलट नव्हे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पाणी साठवून पुरवून वापरायचे असते, त्यात कुत्री घरभर लघवी करू लागली की काही घरांत तिचे पाण्याचे भांडेच उचलून ठेवतात. ही गोष्ट या आजारात जिवावर बेतू शकते, कारण बाहेर जाणारे पाणी थांबत नाही, फक्त आत येणारे थांबते आणि आधीच त्रासलेली मूत्रपिंडे कोरडी पडतात. उलट्या होत असतील तर एकदम भांडेभर न देता थोडे थोडे द्या; मात्र शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने अन्न काही देऊ नका आणि दवाखान्यात फोनवर विचाराल तेव्हा पाण्याबद्दलही तेथील सल्ला घ्या.

आता दिलेल्या गोळीविषयी. या औषधाची कुत्र्यातील नेहमीची मात्रा किलोमागे साडेबारा ते पंचवीस मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा अशी असते. २८ किलोच्या कुत्रीला कमीत कमी ३५० मिलिग्रॅम लागतात; ६२५ ची अर्धी गोळी म्हणजे सुमारे ३१२. मात्रा किंचित अपुरी होती. परंतु पुरती दिली असती तरी निकाल फारसा बदलला नसता, असे मला वाटते. अँटिबायोटिक रक्तातून प्रवास करते. फुप्फुसात, लघवीत ते पोहोचते. पण पुवाने गच्च भरलेल्या पोकळीच्या मध्यभागी रक्तवाहिन्याच नसतात. तिथे पोहोचलेले थोडेसे औषध मेलेल्या पेशींच्या गाळात निष्प्रभ होते आणि तिथले जंतू इतक्या दाटीने, इतक्या संथपणे जगत असतात की अनेक औषधांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. रक्तात उतरलेले जंतू गोळीने मरतात, म्हणून एखादा दिवस बरे वाटते. गर्भाशयातला साठा तसाच असतो आणि तो पुन्हा रक्तात जंतू व विष सोडू लागतो. ‘औषधाने फरक पडला होता, पण परत आजारी पडली’ या वाक्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

भावाने सुचवलेल्या ‘जालीम’ इंजेक्शनने हा हिशेब बदलत नाही. आपल्याकडे सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन हे कोणत्याही तापाचे पहिले इंजेक्शन झाले आहे आणि ही सवय मला पसंत नाही. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि मेरोपेनेमसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षे जपावी लागते. नियम असूनही ती सहज मिळतात हे खरे, म्हणून ती घरी सुरू करावीत असे मात्र नाही. एन्रोफ्लॉक्सासिन हे कुत्र्यांत फार वापरले जाणारे औषध. पण अनेक ठिकाणचे ई. कोलाय त्याला आता दाद देत नाहीत, आणि वाढत्या वयाच्या पिल्लांत ते सांध्यांच्या कूर्चेला इजा करते. मी सेप्सिसच्या शंकेत शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू करतो, त्यासाठी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत नाही. परंतु ते शस्त्रक्रियेपर्यंत रक्त सुरक्षित ठेवण्यासाठी असते, शस्त्रक्रियेऐवजी नसते.

याच ओघात एक ताकीद देतो: ताप उतरवण्यासाठी घरातील माणसांची कोणतीही गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठराला व्रण होतात, आणि शरीरातील पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची मात्रा जास्त झाली तर यकृतावर बेतते. दिली असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा, कारण त्यावरून पुढची औषधे ठरतात.

शेजाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. सोलापूरच्या कोरड्या, उष्ण हवेत तपकिरी गोचीड बारा महिने टिकून राहते, भिंतीच्या फटींत आणि पायरीखाली अंडी घालते, आणि तिच्यातून येणारा एर्लिकिया कॅनिस हाही एक जिवाणूच आहे. त्यात ताप, मलूलपणा आणि अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे सारखीच असतात. पण गोचीड तापात रक्तातील प्लेटलेट कमी होतात, नाकातून रक्त येणे किंवा पोटाच्या कातडीवर लाल ठिपके दिसू शकतात, आणि डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत डोळे उघडून पाहू लागतात. अर्थात औषध मात्र चार आठवडे द्यावे लागते. शेपटीखालचा दुर्गंधीयुक्त स्राव गोचीड तापाने होत नाही. दोन्ही आजार एकाच कुत्रीला एकाच वेळी असू शकतात, आणि तसे मी पाहिले आहे. त्या वेळी प्लेटलेटची संख्या शस्त्रक्रियेच्या आधी माहीत असणे रक्तस्रावाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. घरच्या घरी डॉक्सिसायक्लिन सुरू करण्याचा धोका हा की ताप थोडा दबतो, निदान धूसर होते आणि मोलाचे दोन दिवस हातचे जातात.

दवाखान्यात काय व्हावे, हे आपल्याला माहीत असलेले बरे. प्रथम शिरेत सुई, रक्ताचा नमुना आणि सलाईन. रक्तातील साखर लगेच पाहिली जावी, कारण सेप्सिसमध्ये ती घसरते आणि तेवढ्यानेही कुत्री निपचित पडते. पांढऱ्या पेशी निरोगी कुत्र्यात साधारण ६,००० ते १७,००० असतात. पायोमेट्रात त्या तीस-चाळीस हजारांवर किंवा त्याहूनही वर जातात. आकडा फार मोठा पाहून मालक घाबरतात, पण मला भीती वाटते ती उलट परिस्थितीची, म्हणजे सगळी लक्षणे असूनही पेशी ६,००० च्या खाली आलेल्या असतात तेव्हा. कारण त्याचा अर्थ असा की शरीराने सगळे सैन्य खर्ची घातले आहे. क्रिएटिनिन व युरियावरून मूत्रपिंडांची स्थिती कळते. सोनोग्राफीत द्रवाने भरलेले गर्भाशय काही मिनिटांत दिसते. सोनोग्राफीची सोय नसेल तर आडवे झोपवून काढलेल्या पोटाच्या एक्स-रेमध्येही आतड्यांना पुढे ढकलणारी जाड, नागमोडी सावली दिसू शकते. स्रावाचा नमुना बाहेरूनच घेऊन कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत आणि त्यांना कोणते औषध लागू पडते हे पाहण्याच्या तपासणीला, पाठवण्याचा आग्रह धरू नका. योनिमार्गात निरोगी कुत्रीतही अनेक जंतू असतात, त्यामुळे तो अहवाल दिशाभूल करतो. खरा उपयोगी नमुना शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या गर्भाशयातून, निर्जंतुक सुईने घेतलेला असतो. त्याचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात आणि त्यानुसार औषध बदलायचे की तेच ठेवायचे, हे ठरते.

ऑपरेशन झेपेल का, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक मालक विचारतो, आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे असते की तुलना निरोगी कुत्रीच्या ऑपरेशनशी करायची नाही, ऑपरेशन न केलेल्या पायोमेट्राशी करायची. आठ वर्षे हे लॅब्रॅडॉरसाठी उतरणीचे वय असले तरी भूल देण्यास अडथळा नव्हे. अडथळा असतो तो कोरडे पडलेले शरीर, घसरलेला रक्तदाब, साखर आणि क्षारांचे बिघडलेले प्रमाण यांचा, आणि तो काही तासांत बऱ्याच अंशी दुरुस्त करता येतो. म्हणून मी अशा कुत्रीला आल्या आल्या टेबलावर घेत नाही. आधी रिंगर लॅक्टेट हे सलाईन टप्प्याटप्प्याने देऊन दर टप्प्यानंतर नाडी, हिरड्या आणि लघवी पाहतो, शिरेतून अँटिबायोटिक देतो, गार पडली असेल तर ऊब देतो. हे काम काही तासांचे आहे, काही दिवसांचे नाही. ‘आधी ताप जाऊ दे, मग बघू’ असे म्हणून चार दिवस सलाईनवर ठेवणे म्हणजे साठा आत ठेवून रक्त धूत बसणे.

शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशये आणि संपूर्ण गर्भाशय काढले जाते. कुत्रीचे गर्भाशय इंग्रजी ‘वाय’ आकाराचे असते, त्याला दोन लांब शिंगे असतात. निरोगी शिंग पेन्सिलीहून फार जाड नसते. पायोमेट्रात ते मनगटाएवढे होते, वरून निळसर-लाल दिसते आणि त्याची भिंत काही ठिकाणी इतकी पातळ झालेली असते की चिमट्याने धरायलाही हात धजावत नाही. मोठ्या कुत्रीत आत लिटरभर पू असू शकतो. अख्खी पिशवी न फुटू देता उचलून बाहेर काढणे, यातच सर्जनचे निम्मे कसब असते; फुटली तर पोट धुवावे लागते आणि पुढची वाट बिकट होते. आठ वर्षांच्या कुत्रीचे पोट दाबून पू काढण्याचा प्रयत्न घरी कुणी करू नये, हे याच कारणासाठी.

औषधांनी गर्भाशय रिकामे करण्याचा मार्ग अस्तित्वात आहे. प्रोजेस्टेरॉनची क्रिया रोखणारी औषधे आणि गर्भाशयाचे आकुंचन घडवणारी प्रोस्टाग्लँडिन गटातील औषधे त्यासाठी वापरतात. तो मार्ग मी तरुण, पुढे पिल्ले हवी असलेल्या, स्राव बाहेर येत असलेल्या आणि बाकी प्रकृती धड असलेल्या कुत्रीसाठी राखून ठेवतो. त्याचा परिणाम दिसायलाच साधारण दोन दिवस जातात आणि पुढच्या माजानंतर आजार उलटण्याची शक्यता राहते. ब्राउनीकडे दोन दिवस नाहीत, आणि आठव्या वर्षी पिल्लांचा हेतूही नसावा.

खर्च, रात्री शस्त्रक्रिया होण्याची सोय, भूल देणाऱ्या सहकाऱ्याची उपलब्धता, या गोष्टी दवाखान्यागणिक बदलतात. पैशांची अडचण असेल तर ते आधीच सांगा. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाची चौकशीही करा. पुण्याला न्यायचा विचार असेल तर लक्षात घ्या की अडीचशे किलोमीटरचा प्रवास गार पडलेल्या, रक्तदाब घसरलेल्या कुत्रीला सोसत नाही. आधी इथेच सलाईन आणि पहिले इंजेक्शन, मग हवे तर प्रवास.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन दिवस महत्त्वाचे असतात. पांढऱ्या पेशींची संख्या शस्त्रक्रियेनंतर लगेच आणखी वाढलेली दिसू शकते; पेशी ज्या जागी धावत होत्या ती जागाच काढून टाकलेली असते, अस्थिमज्जेला मात्र ते कळायला वेळ लागतो. अहवाल पाहून घाबरू नका, कुत्री खाते का, उभी राहते का, हे पाहा. तहान काही दिवसांत ओसरू लागते, कधी दोन-तीन आठवडे लागतात. क्रिएटिनिन वाढलेले होते तर टाके काढायच्या वेळी, म्हणजे दहा ते चौदा दिवसांनी, पुन्हा तपासून घ्या. गर्भाशय न फुटता निघाले असेल आणि ती सावरत असेल तर अँटिबायोटिक आठवडेच्या आठवडे देण्याची गरज नसते.

पू कुठे साठला आहे आणि तो बाहेर कसा काढायचा, हाच प्रश्न मी कुत्र्यांतील इतर गंभीर जंतुसंसर्गांनाही लावतो. मोकाट कुत्र्याच्या चाव्यात कातडीवर दोन बारीक छिद्रे दिसतात, पण सुळ्याने आतले मांस फाडून पोकळी केलेली असते. वरचे छिद्र मिटते आणि आत पू साठतो. अशा जखमेवर हळद लावून, पट्टी बांधून गोळ्या देत राहण्यापेक्षा ती उघडून, धुऊन, वाहती ठेवावी लागते. पार्व्होच्या पिल्लात मूळ रोग विषाणूचा असतो, तरी आतड्याचे अस्तर झडल्यामुळे आतड्यातले जंतू रक्तात घुसतात, म्हणून तिथे अँटिबायोटिकला जागा आहे. साठा रिकामा करण्याचा प्रश्न मात्र तिथे नसतो, आणि सलाईनच पिल्लाला तारते.

शेवटचा प्रश्न मुलांचा आणि दुसऱ्या कुत्र्याचा. पायोमेट्रा एका कुत्रीकडून दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही. तिचे जंतू तिच्याच आतड्यातले असतात. तरीही तो स्राव पुवाने भरलेला आहे, तेव्हा मुलांना त्यापासून दूर ठेवा, फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा आणि हात साबणाने धुवा. एक शक्यता तपासून बंद करावी लागते, ती लेप्टोस्पायरोसिसची. उंदरांच्या लघवीतून येणारा हा जिवाणू कुत्र्याची मूत्रपिंडे आणि यकृत बिघडवतो, कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही लागतो आणि त्यातही उलट्या व जास्त लघवी दिसते. कोकणाच्या मानाने इथे तो कमी आढळतो, पण घराजवळ गोदाम, धान्याचे दुकान किंवा उघडे गटार असेल तर त्याचा विचार करावा लागतो. डोळ्यांचा पांढरा भाग किंवा हिरड्या पिवळ्या दिसल्या तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा, आणि अहवाल येईपर्यंत तिची लघवी रबरी हातमोजे घालूनच साफ करा. दुसऱ्या कुत्र्याला तोवर वेगळ्या भांड्यात पाणी द्या आणि त्याचे लेप्टोस्पायराचे वार्षिक लसीकरण झाले आहे का, ते त्याच्या कार्डावर पाहून घ्या. ते कार्ड ब्राउनीच्या कार्डाबरोबर दवाखान्यात नेलेत तर दोघांचीही चौकशी एकाच खेपेत होईल.